बातमीपत्रातली सातवी बातमी

आमच्या विद्यापीठात संशोधकांसाठी दर महिन्याला एक बातमीपत्र निघायचं. सर्व्हर, डिस्क, नवी सॉफ्टवेअर्स, सगळ्याची खबरबात त्यात असायची. बाराशे जणांना ईमेलने जायचं आणि त्यातले जेमतेम चाळीसजण ते उघडायचे. हा आकडा मला ठाऊक होता, कारण सर्व्हर माझ्या ताब्यात होते. बर्नाबी गावाच्या टेकडीवरच्या आमच्या आवारात अकरा वर्षं मी ते सांभाळत होतो.

बातमीपत्र लिहायचा जयदीप. पाच वर्षांपासून माझा साहेब, पुण्याचा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला सर्व्हरवरची साधी फाइल इकडची तिकडे करता येत नव्हती, पण कार्डावर मॅनेजर लिहिलेलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याने भिंतीवर बातमीपत्रात न वापरायच्या शब्दांची यादी चिकटवली होती. त्यामुळे आमचा सर्व्हर कधी बंद पडत नसे, त्याला 'सुधारणेची संधी' मिळे. काही पुसायचं असलं की आम्ही ते 'ताजंतवानं' करायचो.

"लोकांना पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे, मिलिंद," तो म्हणायचा. "तुझं लिहिणं म्हणजे पोलिसांची नोटीस रे."

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चालायचं ते संशोधक! डॉक्टरेट घेतलेली माणसं, पण पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवायची. प्रिंटर चालत नाही म्हणून मला बोलवायची आणि प्लग काढलेला असायचा. सूचना पाठवली तर वाचायची नाहीत, आणि घोटाळा झाला की 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' म्हणून मोकळी. मी नागपूरहून सातासमुद्रापार येऊन ह्या शहाण्यांची उष्टी काढत होतो.

२०११च्या ऑगस्टमध्ये जुनी स्क्रॅच डिस्क काढून टाकायचं ठरलं. मोठी गणितं चालू असताना फायली तात्पुरत्या ठेवायची ही जागा. तिची दुसरी प्रत कुठेही नसते. मी जयदीपला तीन ओळी लिहून दिल्या: सहा सप्टेंबरला स्क्रॅच डिस्क कायमची पुसली जाईल, आपल्या फायली त्याआधी हलवा, नंतर काहीही परत मिळणार नाही. विषयाच्या जागी मी मोठ्या अक्षरांत 'सर्व फायली पुसल्या जाणार' असं घातलं होतं.

बातमीपत्र निघालं तेव्हा पहिली बातमी हेल्पडेस्कच्या वाढदिवसाची होती. केक कापताना जयदीपचा फोटो, दोन्ही बाजूंना फुगे. माझी बातमी सातवी. मथळा होता, 'अधिक वेगवान साठवण लवकरच तुमच्या भेटीला!' खाली चार ओळी कौतुकाच्या, आणि शेवटी एक वाक्य की सहा सप्टेंबरला जुनी जागा ताजीतवानी करण्यात येईल, तरी आपल्या फायलींचा आढावा घ्यावा.

मी वाचलं आणि ईमेल मिटवली. जयदीपला बोलायचं कशाला? अकरा वर्षांत माझं कोणी ऐकलं होतं?

तीस तारखेला मी माझ्या पद्धतीप्रमाणे यादी काढली. ज्यांच्या फायली अजून स्क्रॅचवरच होत्या, अशी अकरा नावं. मी प्रत्येक कामाचा कागद छापतो, वर तारीख घालतो आणि फाइलला लावतो. ऑफिसात त्यावरून माझी थट्टा व्हायची. यादीत चौथं नाव उमाचं होतं.

उमा नाशिकची, तिशीतली, देवमाशांच्या आवाजांवर संशोधन करणारी. एका बेटाजवळ पाण्याखाली मायक्रोफोन सोडून तिने चार उन्हाळे आवाज टिपले होते. त्या हजारो तासांतून तिने एकेक हाक कानांनी ऐकून, कापून, कोणत्या माशाची ते ओळखून वेगळी केली होती. ते सगळं स्क्रॅचवर होतं, कारण सर्व्हरवर मोठी जागा हवी म्हणून तिने केलेला अर्ज आठ महिने आमच्याच ऑफिसात पडून होता आणि तोवर स्क्रॅच वापरा असं तिला आम्हीच कळवलं होतं. ऑक्टोबरात तिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, द्यायचा होता. पेपर गेला तर नोकरीचा करार पुढे सरकणार होता, नाहीतर डिसेंबरात घरी.

हे सगळं मला माहीत होतं. तीन तारखेला, शनिवारी, मराठी मंडळाच्या गणपतीत तीच सांगत होती. शाळेच्या जिममध्ये आरती झाली, जेवायला रांग लागली, आणि मी वाढपी होतो.

"मिलिंददादा, उद्या मी आयलंडला निघतेय," ती ताट पुढे करत म्हणाली. "टेन डेज. तिथे इंटरनेट नाही, फोन नाही. मस्त!"

"छान. जाऊन ये," मी म्हणालो आणि तिला मसालेभात वाढला.

एक वाक्य पुरलं असतं. पण मी मनाशी म्हटलं, बातमीपत्र हिलाही येतं, वाचावं की. आणि खरं सांगायचं तर मला कोणीतरी तोंडघशी पडायला हवं होतं. केकवाल्या बातम्यांनी काय होतं ते एकदा वरपर्यंत जाऊ दे. उमा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिची बोंब थेट डायरेक्टरपर्यंत पोचणार, ह्याची मला खात्री होती.

सहा तारखेला सकाळी नऊ वाजता मी डिस्क पुसली.

चौदाला उमा परतली, आणि पंधराला आम्ही चौघं डायरेक्टरबाईंच्या खोलीत बसलो होतो. उमा रडली नव्हती. एक वही मांडीवर घेऊन सरळ बसली होती, एवढंच.

जयदीपने ईमेलची प्रत पुढे केली. "वी डिड इन्फॉर्म एव्हरीवन," तो म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

ह्याच क्षणासाठी मी पाच वर्षं थांबलो होतो. मी फाइल उघडली आणि माझं मूळ टिपण टेबलावर ठेवलं, तारखेसकट. डायरेक्टरबाईंनी ते वाचलं, मग बातमीपत्र वाचलं, केकच्या फोटोवर त्यांची नजर जरा थांबली. जयदीपचा चेहरा पांढराफटक पडला. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू! त्या भरात मी पुढचा कागदही काढला. माझं काम किती चोख असतं ते दाखवायला.

"आणि ही राहिलेल्या युजर्सची लिस्ट," मी म्हणालो. "नावांसकट. मी माझ्याकडून सगळं केलं होतं."

उमाने तो कागद ओढून घेतला. चौथ्या ओळीशी तिचं बोट थांबलं, मग वर तारखेवर गेलं.

"म्हणजे शनिवारी तुम्हाला माहीत होतं," ती मराठीत म्हणाली.

"उमा, नोटीस देणं माझं काम नव्हतं. मी लिहून दिलं होतं—"

"मी तुमच्यासमोर उभी होते, दादा."

जयदीप माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. त्याला बिचाऱ्याला खरंच समजत नव्हतं, कोणी असं का करेल ते. "मिलिंद, अरे, मला तरी सांगायचंस," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः कॉल केले असते. अकराच तर नावं आहेत."

डायरेक्टरबाईंना मराठीतलं काही कळलं नव्हतं. त्यांनी पुढे काय ते ठरवायला सुरुवात केली. मूळ ध्वनिमुद्रणं बेटावरच्या संशोधन केंद्रात शाबूत होती. ती पुन्हा आणायची, सहा आठवड्यांत जमेल तेवढ्या हाका पुन्हा कापायच्या. त्यासाठी आमच्या ऑफिसातला एक माणूस पूर्ण वेळ उमाला द्यायचा. फायलींचं हे काम ऑफिसात मलाच येतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डायरेक्टरबाईंनी माझंच नाव घेतलं.

"नको," उमा इंग्रजीत म्हणाली, आवाज अजिबात न चढवता. "मला जयदीप द्या."

"मला त्यातलं काही येत नाही," जयदीप म्हणाला.

"मी शिकवेन," उमा म्हणाली, आणि तिने आपली खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली.