तार कापलेला अँटेना

मित्रांनो, मला काठी म्हटलेले आवडत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी एक जुना अँटेना आहे. शिडाच्या एका होडीच्या मागच्या कठड्यावर माझी जागा. बाहेरून पांढरा, उंच, थोडासा शिष्ट. पोटात तांब्याची तार. कारखान्यात मला वाकवले, भिजवले, उन्हात तापवले, तेव्हाही मी कुरकुर केली नाही.

माझ्या शेजारी आणखी एक अँटेना होता. दिसायला थेट माझ्यासारखा, पण त्याचे यंत्र कधीच बिघडून भंगारात गेले होते. तो नुसता वारा खात उभा असे. मी मात्र कामाचा. खाली केबिनमध्ये वायरलेसचा सेट होता आणि त्याची तार माझ्या पायाशी जोडलेली होती.

होडीचा मालक म्हातारा, केस पांढरेशुभ्र. पण रोज संध्याकाळी माझ्यातून एक आवाज उतरायचा आणि त्याला विचारायचा, "बाळ, जेवलास का? ओव्हर." वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तू बोल. बोलणारी त्याची मोठी बहीण, अक्का. दूरच्या एका बेटावर ती एकटी राहायची. तिथे फोनला रेंज नव्हती. नवऱ्याच्या मागे राहिलेला वायरलेस एवढाच तिचा जगाशी संबंध, आणि तिचे सगळे जग म्हणजे हा बाळ. ती त्याला रागवायची, औषधांची आठवण करायची, शेजारणीच्या कोंबड्यांच्या चहाड्या सांगायची. भर वादळातही मी अक्काचा शब्द खाली पडू दिला नाही.

एकदा होडी रंगकामासाठी किनाऱ्यावर ओढली. तेव्हा अक्का म्हणाली, "बाळ, मला हल्ली बरं वाटत नाही रे. एकदा येऊन जा. ओव्हर."

"रंग झाला की लगेच येतो, अक्का. ओव्हर."

"रंग काय पळून जातोय का?" ती म्हणाली आणि 'ओव्हर' म्हणायचे विसरली.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या मुलाला डेकवर सावलीसाठी कापडी छप्पर करायचे होते. त्याला लांब दांडा हवा होता. म्हातारा खाली इंजिनात डोके घालून बसला होता. मुलाने वरूनच विचारले, "बाबा, तो जुना अँटेना काढू का?"

"काढ की. काय उपयोग त्याचा?" खालून उत्तर आले. म्हाताऱ्याच्या मनात शेजारचा मुका अँटेना होता.

मुलाने आम्हा दोघांना हलवून पाहिले. शेजारी तडकलेला निघाला, मी भक्कम. तडकलेला दांडा छपराला काय कामाचा? दोघांच्याही पायाशी तार होती. कोणाची कुठे जाते हे त्याने पाहिले नाही. एक अँटेना राहतोय ना, म्हणजे झाले, असे त्याला वाटले. त्याने माझी तार कापली, टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली आणि मला छपराखाली आडवा बांधला. माझा भक्कमपणाच माझ्या मुळावर आला. म्हातारा वर आला तेव्हा कठड्यावर एक अँटेना उभा होता. त्याने समाधानाने मान हलवली.

त्या संध्याकाळी सेटचा दिवा नेहमीसारखा लागला. "अक्का, बाळ बोलतोय. ओव्हर." उत्तरादाखल नुसती खरखर.

मित्रांनो, तार कापली म्हणून अँटेना बहिरा होत नाही. अक्काचा आवाज माझ्या तांब्यात येत होता. "बाळ, ऐकतोयस ना? ओव्हर." सेटपाशी थकून म्हातारा वर येई आणि छपराखाली बसून राही. त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ती हाका मारत असे, आणि मला ती त्याच्यापर्यंत पोचवता येत नव्हती. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

"आत्या विसरत असेल, बाबा. वय झालं," मुलगा म्हणाला.

"अक्का विसरत नाही. रुसलीय. जाऊन पाय धरतो, मग बोलेल."

तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी ती फक्त "बाळ" एवढेच म्हणायची. मग तेही थांबले.

रंग वाळला, होडी पाण्यात उतरली. आम्ही बेटावर पोचलो तेव्हा अक्काच्या दाराला कुलूप होते. शेजारीण कुंपणाशी आली. "गेल्या आठवड्यात गेल्या हो. रोज सेटपाशी बसायच्या. म्हणायच्या, मी ये ये करून मागे लागले, म्हणून बाळ चिडलाय माझ्यावर."

म्हातारा होडीवर परतला. सेटमागची तार हाताने चाचपत तो वर आला. कठड्यापाशी चिकटपट्टीचे टोक त्याच्या बोटांत आले. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस रे. मीच वर येऊन बघितलं नाही."

त्याने मला सोडवले, जागेवर उभे केले आणि तार जोडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल काढा, त्यांचे दुसरे काही करा, आमची ना नाही. पण आधी त्यांची तार हातात धरून टोकापर्यंत जाऊन या. पलीकडे कोणीतरी वाट बघत बसलेले असेल.

आता मी ठणठणीत आहे. रोज संध्याकाळी म्हातारा बटण दाबतो. "अक्का, मी चिडलो नव्हतो गं. ओव्हर." तो बटण सोडतो आणि थांबतो. मीही कान देऊन उभा राहतो. बेटावरचा सेट बंद आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.