पाणी कुठवर आलं

एका पत्राचं उत्तर मी सत्तावीस वर्षं दिलं नव्हतं. ते पत्र मला आलेलंच नव्हतं, ही माझी नेहमीची सबब. ते आमच्या पाटबंधारे कार्यालयाला आलं होतं आणि मी तिथे आवक-जावक सांभाळणारा कारकून होतो.

जोडकार्ड होतं ते. आता कुणाला आठवत नसेल, पण पूर्वी पोस्टात दोन कार्डं एकमेकांना जोडलेली मिळायची. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, उत्तरासाठी. पाठवणाऱ्याने उत्तराचेही पैसे आधीच भरलेले असत. कालव्याच्या पाच नंबर फाट्याच्या, म्हणजे चारीच्या, अगदी शेवटाला खडकवस्ती आहे, तिथल्या भागूबाईंनी ते पाठवलं होतं. अक्षर चौथी शिकलेल्या माणसाचं, मोठं आणि खोल दाबलेलं.

'मोठ्या सायबास भागूबाईचा नमस्कार. पानी सोडलं म्हनत्यात. आमी पाच दिवस चारीवर बसून हाये. पानी न्हाई दिलं तरी चालंल, पन कुठवर आलं येवढं कळवा. म्हंजी मजुरीला जायाचं का बसून ऱ्हायाचं ते ठरवता यील. उत्तराचं कार्ड जोडलं हाय.'

मी उत्तराचा मसुदा करून साहेबांपुढे ठेवला. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "देवचके, एकीला उत्तर दिलं की उद्या पन्नास कार्डं येतील. दप्तरी दाखल करा." मी ते दाखल केलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. कार्ड घरी आणलं आणि वाचत होतो त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. तेव्हापासून ते एका पुस्तकातून दुसऱ्यात फिरत राहिलं. मी तसाच आहे. पुस्तकात ठेवलं की काम झालं असं मला वाटतं.

गेल्या माघात एका सकाळी आमच्या कोपरगावच्या घरी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे शाखा अभियंता, निकिता मॅडम. वय तिशीच्या आत, बुटांना चिखल.

"देवचके काका तुम्हीच ना? जुन्या फायलींत तुमचं अक्षर बघितलंय. सगळ्या कार्यालयात तेवढंच वाचता येतं."

विजया, माझी पत्नी, आतून म्हणाली, "अक्षर चांगलं आहे. बोलणं मात्र बाहेर पडत नाही. चहा घेणार ना?"

निकिता मॅडमची अडचण अशी होती. वरून पत्र आलं होतं की प्रत्येक कार्यालयाने समाजमाध्यमांवर खातं उघडून लोकांशी संपर्क ठेवावा. त्यांच्या आधीच्या माणसाने फेसबुकवर पान उघडलं, त्यावर सूचना टाकल्या, लोकांनी खाली शिव्या दिल्या, तेव्हा त्याने लोकांचं लिहिणंच बंद करून टाकलं. आता पानाचे वाचक अकरा, त्यातले नऊ कार्यालयातलेच.

"आणि आठ दिवसांनी पाच नंबर चारीला पाणी सोडायचंय," त्या म्हणाल्या. "शेवटचं पाणी. टेलाचा, चारीच्या शेवटच्या रानांतला, गहू ओंबीत आहे. आत्ता मिळालं तर दाणा भरेल, नाही तर नुसता भुसा. नऊ वर्षं टेलाला पाणी पोचलेलं नाही, काका. नियम तर असा, की आधी शेवटच्याला द्यायचं आणि मग वर वर यायचं."

नियम मला पाठ होता. मीच तो शेकडो वेळा लिहिला होता.

"मला काय जमणार त्यात," मी म्हणालो. माझ्या तोंडी हे वाक्य कायम तयार असतं.

"लोकांना समजेल असं लिहून द्या. एवढंच."

मी तीन दिवस खपून एक सूचना लिहिली. 'सर्व संबंधित लाभधारकांस याद्वारे कळविण्यात येते की' अशी सुरुवात, वर जावक क्रमांक, खाली 'प्रत माहितीस्तव'. माझ्या मते सुरेख झाली होती. पानावर टाकली. दोन जणांनी अंगठा दिला, त्यातली एक विजया. निकिता मॅडमनी लोकांचं लिहिणं पुन्हा खुलं केलं होतं, तरी खाली एकाच माणसाने लिहिलं, 'ते ऱ्हाऊ द्या. पाणी कुठंय?'

ते वाचून मी उठलो आणि पुस्तकं उघडत सुटलो. कार्ड सापडायला अर्धा तास लागला.

निकिता मॅडमनी ते दोनदा वाचलं. मी म्हणालो, "मॅडम, या बाईंनी सगळं सांगून ठेवलंय. आपण रोज सकाळी एक ओळ लिहायची, पाणी कुठवर आलं त्याची. बाकी काही नाही."

त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाल्या, "कुठवर आलं हे सांगितलं, की कुठं अडलं तेही दिसणार, काका."

"हो. मग नको का?"

"पत्रात लिहिलंय, संपर्क ठेवा. काय सांगू नका, ते कुठं लिहिलेलं नाही." त्यांनी फोन काढला. "कानिफनाथना बोलावते."

कानिफनाथ पाटकरी. दारं उघडायची, पाणी फिरवायचं, भांडणं सोडवायची हे त्याचं काम. मी नोकरीत होतो तेव्हा तो पोरगेला होता, आता निवृत्तीला आलेला. चारीवर सहा पूल आहेत आणि प्रत्येक पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे. रोज सकाळी सातला पट्टीचा फोटो काढून मला पाठवायचा, असं ठरलं.

"भाऊसाहेब, तीस वर्सं पट्टी बघून वहीत लिव्हतोय," तो म्हणाला. "कुनी वाचली न्हाई. आता फोटू काढायचा व्हय? काढू की. पट्टीला बी जरा बरं वाटंल."

पाणी सुटलं. पहिल्या सकाळी मी लिहिलं: 'आज सकाळी सात. पाणी दुसऱ्या पुलाखाली. पट्टीवर दोन फूट. पुढे वाहतं आहे.' ही ओळ लिहायला मला पाऊण तास लागला, कारण 'आहे' ठेवावं की काढावं ते ठरेना. तासाभरात चाळीस जणांनी ती पुढे पाठवली. संध्याकाळी कळलं, की भोरमळ्याच्या मारुतीच्या देवळात भोंग्यावरून वाचून दाखवली.

दुसऱ्या सकाळी: 'पाणी चौथ्या पुलाखाली, कासारमळा. पट्टीवर दीड फूट. असंच चाललं तर उद्या टेलाला.' आता वाचक साडेसहाशेच्या वर गेले होते. निकिता मॅडम प्रत्येक प्रश्नाला स्वतः उत्तर देत होत्या, शिवीलासुद्धा. एकाने लिहिलं, 'झोपा काढा.' त्यांनी लिहिलं, 'चौथ्या पुलावर उभी आहे, झोपायला जागा नाही. तुम्ही या.' तो माणूस खरंच आला, चहाची किटली घेऊन.

तिसऱ्या सकाळी कानिफनाथचे दोन फोटो आले. चौथ्या पुलाखाली दीड फूट. पाचव्या पुलाखाली चार बोटं. पाठोपाठ त्याचा फोन.

"मदल्या टप्प्यात भरावावरनं काळं पाईप टाकल्यात, भाऊसाहेब. धा-बारा तरी हायेत. कुनाचं ते इचारू नका. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय."

मी मोबाईल उपडा ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"काका, नमस्कार. रविराज बोलतोय, कासारमळ्याहून. तुम्ही छान लिहिता. आमच्या घरी रोज वाचतात."

"धन्यवाद."

"आजचं अजून आलं नाही?"

"नाही. लिहितोय."

"राहू द्या की एक दिवस. या वयात मोबाईल डोळ्यांना चांगला नाही. मॅडमही नवीन आहेत, आज इथं तर उद्या गडचिरोलीला. आपण इथलेच. बरोबर ना?"

आवाज अगदी मऊ होता. मी "बरोबर" म्हणालो. खरंच म्हणालो, आणि फोन ठेवला.

नऊ वाजले. मी कपाटापाशी जाऊन एक पुस्तक काढलं आणि पहिलंच पान चार वेळा वाचलं. पानावर लोक विचारू लागले होते, 'आजची ओळ कुठंय?'

विजया दारात उभी राहिली. "काय झालं?"

मी सांगितलं.

"एका बाईला सत्तावीस वर्षं उत्तर देता आलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "आता सातशे जणांना तेवढीच वाट बघायला लावणार आहात का? तेवढे दिवस नाहीत हो आपल्याकडे."

मी निकिता मॅडमना फोनवर विचारलं, तुमची बदली झाली तर काय. त्या म्हणाल्या, "गडचिरोलीलाही कालवे असतील, काका. लिहा. फक्त जे पट्टीवर आहे तेच लिहा."

मी तेच लिहिलं. कुणाचं नाव नाही, पाईप नाहीत, चोरी हा शब्द नाही. 'आज सकाळी सात. चौथ्या पुलाखाली दीड फूट. पाचव्या पुलाखाली चार बोटं. दोन पुलांत अंतर अडीच किलोमीटर. टेलाला पाणी नाही.' वर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

पुढे जे झालं ते मी योजलेलं नव्हतं, माझ्या डोक्यात ते आलंही नसतं. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील, खात्याला नाही तर मला. पण आमच्या भागात पूर्वीपासून वरच्या गावच्या लेकी खालच्या वस्त्यांवर दिलेल्या. तेव्हा वर बागायत, खाली कोरडवाहू, असा फरक नव्हता. दुपारी एकच्या सुमाराला त्या ओळीखाली पहिल्यांदा एका बाईने लिहिलं. नाव रतनबाई, खडकवस्ती.

'रविदादा, चार बोटं पाण्यात माजा गहू कसा भिजंल ते तूच सांग.'

रविराजची ती सख्खी बहीण, हे मला नंतर कळलं. बाकी साऱ्या तालुक्याला आधीच माहीत होतं.

त्याखाली दुसरी लेक आली. 'आप्पा, दिवाळीला साडी नको. पाईप काढा.' मग तिसरी. 'मामा, तुमच्या भाचीचं लगीन याच गव्हावर हाय.' संध्याकाळपर्यंत एकतीस जणी झाल्या. मी मोजलं नाही, विजयाने मोजलं. ती मोठ्याने वाचत होती आणि मधूनच हसत होती. एकीनेही रागाचा शब्द वापरला नव्हता. नातं तेवढं लिहिलं होतं.

कासारमळ्यातल्या पुरुषांनी काही लिहिलं नाही. फक्त दिवस मावळायच्या आत रविराजची एकच ओळ आली: 'पाणी जाऊ द्या खाली.'

चौथ्या सकाळी कानिफनाथचा फोन साडेसहालाच आला.

"एक बी पाईप न्हाई, भाऊसाहेब. सवताच्या हातानं काढलं. रविराज तर पाईप काढून झाल्यावर पान्याबरूबर खाली चालत गेला म्हनं, वाटंत कुनी नळी टाकू नये म्हनून. चोराला पाटकरी केला तुमी."

"मी काय केलं," मी म्हणालो.

"ते बी खरंच. लेकींनी केलं. पन फळा तुमचा हुता."

पाचव्या दिवशी निकिता मॅडमनी मला जीपमध्ये घातलं. मी नको नको म्हणत होतो. पुणतांब्याच्या अलीकडे डांबर संपलं आणि पुढे खडकवस्ती. चारीच्या शेवटी, जिथे नऊ वर्षं बाभळी वाढल्या होत्या, तिथे पाणी गढूळ, फेसाळ, काटक्या ढकलत आलं होतं आणि गव्हात वळत होतं. वस्तीवरची झाडून सगळी माणसं बांधावर होती. एकाने हलगी आणली होती. रतनबाई रविराजला भाकरी वाढत होत्या आणि ऐकवत होत्या, "खा. चार बोटं वाढू का पोटभर?" तो मान खाली घालून हसत होता.

भागूबाई बांधावर पाय सोडून बसल्या होत्या, पाणी घोट्यापर्यंत. वय ऐंशीला टेकलेलं.

"ह्ये कोन?" त्यांनी विचारलं.

"सकाळचं पान्याचं लिव्हत्यात ते भाऊसाहेब," कानिफनाथ म्हणाला.

"व्हय का. नातसून वाचून दावती मला. तिला म्या म्हनलं, ह्यो मानूस सरकारी न्हाई दिसत. समजंल असं लिव्हतो." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "म्या बी एकदा कारड धाडलं हुतं हाफिसात. लई वर्सं झाली. उत्तर न्हाई आलं. टपालात हरवलं आसंल."

सत्तावीस वर्षं त्या बाईने आम्हाला असं सांभाळून घेतलं होतं.

"हरवलं नाही," मी म्हणालो. पण हलगी वाजत होती.

"काय म्हनलात?"

"पाणी चांगलं आलंय, म्हटलं."

"आलंय की," त्या म्हणाल्या आणि पाय पाण्यात हलवले.

त्या दिवशीची ओळ निकिता मॅडमनी माझ्याकडून जीपमध्येच लिहून घेतली: 'आज सकाळी सात. पाणी टेलाला पोचलं. खडकवस्ती.' ती नऊ हजार लोकांनी वाचली. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांनी बैठक घेतली आणि सगळ्या चाऱ्यांवर पट्टीचा फोटो रोज टाकायचा, असा आदेश काढला. मसुदा माझ्याकडे आला. मी त्यातलं 'याद्वारे कळविण्यात येते की' खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मॅडम म्हणाल्या, त्या कार्डाचा फोटो पानावर टाकू, लोकांना आवडेल. मी नाही म्हणालो. पत्र बाईंचं होतं, उत्तरही त्यांनाच जायला हवं होतं.

उत्तर लिहायला आठ दिवस लागले. सात मसुदे झाले. कोऱ्या कार्डावर पत्ता आधीच होता, त्यांच्याच हातचा, खोल दाबलेला. मागच्या बाजूला मी शेवटी एवढंच लिहिलं:

'श्रीमती भागूबाई यांस नमस्कार. आपलं कार्ड हरवलं नव्हतं. ते माझ्यापाशी होतं. पाणी कुठवर आलं असं आपण विचारलं होतं. ते आपल्या बांधाला लागलं आहे. उत्तराला उशीर झाला, चूक माझी. पुढच्या हंगामात बसून राहू नका, रोज सकाळी सातला कळवीन. आपला, सुमंत देवचके.'

पोस्टातल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "काका, हे कुठून काढलंत? वर तिकीट लावावं लागेल."

तिकीट लावलं. बाहेरच्या लाल पेटीत कार्ड अर्धं घालून मी क्षणभर थांबलो, कारण 'चूक माझी' नंतर पूर्णविराम दिला की स्वल्पविराम, ते आठवेना. मग हात सोडला. आत कुठेतरी ते टक्कन खाली पडलं, आणि मी चालत घरी आलो.