जीपची मागची उंची

माझा नवरा मुबारक एकदा गाडीखाली शिरला की जगाचं भान विसरतो. चहा निवतोय, सून हाका मारतेय, गिऱ्हाईक ताटकळतंय, त्याला पत्ता नसतो. बाहेर फक्त दोन पाय दिसतात. मी त्या दोन पायांशीच संसार केला, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी मात्र तो कडूबाभाऊंच्या जीपखालून स्वतःच सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "कडूबाभाऊ, तुमच्या गाडीत मागं कुणी बसतच नव्हतं का?"

कडूबाभाऊ स्टुलावर बसले होते. त्यांच्या हातात कप तसाच होता.

"रबरी बुशचा भुगा झालाय, स्प्रिंगच्या पाट्यांना धरणारे शॅकल झिजलेत, पाट्यांखालच्या एका ठोकळ्याला तडा गेलाय," मुबारक म्हणाला. "पण दोन्ही बाजू सारख्याच झिजल्यात. माणूस रोज एका अंगाला बसला की तिकडचं रबर आधी जातं. वहिनी तर डावीकडं बसायच्या ना?"

"नाय बसली ती," कडूबाभाऊ म्हणाले. "गाडी उंच केल्यापासून एकदा पण नाय."

कडूबाभाऊंची बायको मनकर्णाबाई उन्हाळ्यात गेल्या. छातीत कळ आली आणि बिडकीनच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी मातीला गेले होते, तेव्हा कडूबाभाऊ कुणाशी बोलत नव्हते. आणि आज हे असं बोलले.

आमचं गॅरेज पैठण रोडला, घराला लागून. कडूबाभाऊंची वस्ती बिडकीनच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, नाल्यापलीकडे. दर दिवाळीला नवराबायको शहरात गुलमंडीवर कापड घ्यायला यायची आणि जाताना आमच्याकडे थांबायची. मुबारक जीपचं काहीबाही आवळायचा. मनकर्णाबाई आणि मी आत बसून दोघींच्या नवऱ्यांची यथेच्छ निंदा करायचो. माझ्या हातचा शीरखुर्मा त्यांना फार आवडायचा. दिवाळीला शीरखुर्मा कोण करतं? पण मी त्यांच्यासाठी करायचे.

जीपमध्ये त्या कायम मागच्या बाकावर. पुढची जागा कडूबाभाऊंच्या थोरल्या भावाची, आप्पासाहेबांची. आप्पासाहेब गाडीत नसले तरी त्या पुढे बसायच्या नाहीत. थोरल्या दिरांच्या जागेवर बसणं त्यांना बरं वाटत नसे. मी एकदा चिडवलं होतं, "दीर घरी झोपलेत, बसा की नवऱ्याशेजारी!" तर पदर तोंडाला लावून हसल्या आणि मागेच चढल्या.

एका पावसाळ्यात नाल्यात जीपचं बूड दगडाला टेकलं. तसं ते नेहमीच टेकायचं आणि नेहमी मनकर्णाबाईच उतरून पाण्यातून पलीकडे जायच्या, म्हणजे गाडी हलकी व्हायची. त्या दिवशी त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि गुडघा दगडावर आपटला. त्या पट्टी बांधून घरी पडल्या असताना कडूबाभाऊ आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मुबारकभाई, मागून एवढी उंच करा, की तिला परत पाण्यात उतरायला नाय लागलं पायजे."

मुबारकने पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले, लांब शॅकल लावले. मागचं पायदान दगडात अडकतं म्हणून तेही कापून टाकलं. आमच्याकडे एक पद्धत आहे. पाटे लोंबत असताना नट आवळले तर रबरी बुशला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उतरवायची, नेहमीची माणसं आपापल्या जागी बसवायची आणि मगच शेवटचे नट आवळायचे. मनकर्णाबाई तर घरी पडलेल्या. मग त्यांच्या जागी सरकीच्या ढेपेचं पोतं ठेवलं. दोघांनी दोन्हीकडून धरून वर टाकलं, झालं. पोत्यावर काम भागलं आणि दोघेही खुशीत चहा प्याले.

त्यानंतर मनकर्णाबाई आमच्याकडे आल्याच नाहीत. दिवाळीला कडूबाभाऊ एकटेच यायचे. "तिला डिझेलचा वास सोसत नाय म्हणती," असं सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. बाई मोठी झाली, आता आमच्या घरी कशाला येईल, असं मी मुबारकला फटकन बोलले होते. शीरखुर्माही बंद केला.

कडूबाभाऊंच्या मनात वेगळंच होतं. ते आज बाहेर पडलं.

"नाल्यात पडली ना, तवा मी तिच्यावर खेकसलो," ते म्हणाले. "आंधळी हायस का, म्हणलं. चार माणसांसमोर. तेच तिनं मनात धरलं. बिडकीनला जायचं तर चालत फाट्यापर्यंत जायची अन् काळीपिवळीत बसायची, पण माझ्या गाडीत पाय नाय ठेवला. मी लई मनवलं भाभी. गाडी तुझ्यासाठीच उंच केली म्हणलं. नुसती हसायची."

मी त्यांच्या हातातला निवलेला कप काढून घेतला.

"जशी होती तशीच उंच ठेवा," ते मुबारकला म्हणाले. "नवीन सामान टाका, पण उंची तिच्यासाठी केलेली, ती तशीच राहू द्या."

दुपारपर्यंत मुबारकने नवे बुश, नवे ठोकळे, नवे शॅकल बसवले. खालचे टेकू, म्हणजे घोडी, काढून गाडी चाकांवर उतरवली. मग पाना हातात घेऊन इकडेतिकडे बघायला लागला. मला कळलं तो काय शोधतोय.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"कुछ वजन. पोतं-बितं."

माझं डोकंच फिरलं. "तिच्या जागी पोतं? त्या वेळी टाकलं तेवढं बस झालं. मी बसते. आमचं दोघींचं माप एकच होतं, ब्लाऊजसुद्धा एकमेकींना यायचे."

कडूबाभाऊ उठून उभे राहिले. "बसा भाभी," म्हणाले. "तिची जागा डावीकडं."

मी जीपच्या मागे गेले. मागचं फळकं पाडलेलं होतं आणि गाडीची फरशी माझ्या कमरेला लागत होती. पाय ठेवायला खाली काहीच नाही. दोन्ही हातांनी कडेचा दांडा धरला आणि उजवा पाय उचलला. माझेही गुडघे आता काही नवे नाहीत. पाय अर्ध्यावर गेला आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरा पाय टाकून पाहिला. त्यासाठी साडी वर घ्यावी लागत होती, गुडघ्याच्याही वर. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे माणसं बसली होती. मी साडी खाली सोडली.

"चढा की," मुबारक म्हणाला.

"नाही चढता येत."

बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला. मी दांडा धरून तशीच उभी राहिले. मनकर्णाबाई अशाच उभ्या राहिल्या असतील, पट्टी नुकतीच सुटलेली, नवरा पुढे स्टिअरिंगवर खुशीत बसलेला. त्याने तिच्यासाठी एवढा खटाटोप केलेला. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तू उंच केलीस तीच मला चढता येत नाही?

मागे वळले तर कडूबाभाऊ माझ्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी फळक्याकडे पाहिलं, पायदान कापलं होतं त्या जागेकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

"तिला चढता येत नव्हतं," ते म्हणाले.

मुबारकने पाना खाली ठेवला.

"डिझेलचा वास नव्हता. राग पण नव्हता. गुडघा वर जात नव्हता तिचा." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी घरात म्हणायचो, बाई लई हट्टी हाय. अरे, सांगायचं ना मला! एकदा सांगायचं!"

एवढा थोराड माणूस आमच्या अंगणात उकिडवा बसून रडला. मीही रडले. मला माझा शीरखुर्मा आठवत होता. एवढ्याशा अंतरावर माझी मैत्रीण होती आणि मी तिला गर्विष्ठ ठरवून मोकळी झाले होते.

बऱ्याच वेळाने कडूबाभाऊंनी डोळे पुसले. "मुबारकभाई, खाली घ्या गाडी. पहिली होती तशी."

"कडूबाभाऊ, नाल्यात बूड टेकेल. पाणी हाय अजून."

"टेकू द्या."

मुबारकने वाद घातला नाही. नवे ठोकळे काढले, आखूड शॅकल लावले आणि कोपऱ्यातल्या भंगारातून एक जुनं पायदान शोधून मागे जोडलं. मग मी पायदानावर पाय ठेवला आणि चढले. सहज. डावीकडे बाकावर जाऊन बसले. खाली मुबारक नट आवळत होता. कडूबाभाऊ मागे उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि ते मला बघत नव्हते हे मला कळत होतं. मी हलले नाही. आवळून झालं तरी मुबारकनेही लवकर सांगितलं नाही.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला. मुबारकचे हात ऑईलचे, म्हणून मीच घेतला. मागे पाण्याचा आवाज येत होता. जीप नाल्यात टेकली होती, त्याच दगडाला.

"मी सांगते यांना, उद्या परत उंच करून देतील," मी घाईने म्हणाले.

"नको भाभी, राहू द्या," कडूबाभाऊ म्हणाले. "मी उतरलोय पाण्यात. आता मी उतरत जाईन."