सातांतली एक चौकट

नखाएवढी होती. लाल. सहा पांढऱ्या चौकटींच्या खाली, कोपऱ्यात, बोट दारात चेंगरल्यावर नखाखाली रक्त साकळतं तशी ती पडद्यावर बसली होती — आणि योम ते-शिकने तिच्यावर अंगठा टेकवून दाबला, जणू ढेकूणच चिरडायचा होता. काच नुसती गार लागली.

त्याच्या तुकडीत सात माणसं, म्हणून सात चौकटी. नावं नाहीत. कंपनीची एक मोठी चौकट, तिच्या पोटात कारखाने, कारखान्यांच्या पोटात विभाग, विभागाच्या पोटात तुकड्या... हे चौकटीत चौकट बसवणं तर त्याचंच काम. अठरा वर्षं तो देशभरातला खप असाच मांडत आला होता — साहेबाने वरच्या चौकटीवर टिचकी मारावी, ती उघडावी, तिच्यातली उघडावी, आणि शेवटी चांगवॉनच्या कुठल्या गोदामात कुठला पंप धूळ खात पडलाय ते बोटाखाली यावं. आज तिथे पंप नव्हते, माणसं होती. कर्मचाऱ्यांची निनावी पाहणी, प्रश्न त्रेचाळिसावा : कामाच्या ठिकाणी तुम्हाला कोणी मारलं आहे का? नाही म्हणजे पांढरी, हो म्हणजे लाल. उत्तर बदलायला संध्याकाळी सहापर्यंत मुदत, मग चित्र संचालकांकडे. ज्या तुकडीत लाल, तिच्या प्रमुखाची चौकशी. यंदा तसा फतवाच निघाला होता.

म्हणजे सहाला मी संपलो.

तळपायाची आग मस्तकात गेली. अस्तनीतला निखारा! आणि कोण ते काय विचारायला हवं? हाम उ-ह्योन. तीन आठवड्यांपूर्वी भर बैठकीत ‘बुसानचा खप पावसाने पडला असेल’ म्हणाला होता. असेल! चौकट उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा या तुकडीतला पहिला नियम, आणि तो मोडला म्हणून ते-शिकने त्याच्या बोटांवर पट्टी ओढली होती. एकदाच. बरं, दोनदा. पोराच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी हललं होतं... मान अशी पकडावी, तोंड या काचेवर घासावं, नाक बसेपर्यंत घासावं, आणि म्हणावं, दाखव, यातली तुझी कुठली —

पट्टी खणातच होती. फूटभर, पोलादी, आकडे झिजून गेलेली. मा आडनावाच्या साहेबांची, त्याच्या पहिल्या वरिष्ठांची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिची कड याच तोंडावर बसली होती, समोरचा दात तुटून जिभेवर आला, तो रक्तासकट गिळून ते-शिक म्हणाला होता, “चुकलं, साहेब.” त्या संध्याकाळी मा साहेबांनी त्याला डुकराच्या रश्शाचा भात खायला नेलं, स्वतःच्या वाडग्यातले तुकडे त्याच्या वाडग्यात घातले. गरम रस्सा हिरडीला असा झोंबत होता की डोळ्यांतून पाणी, आणि साहेब म्हणतात कसे, “रड, रड, मी पण रडलो होतो.” निवृत्त होताना त्यांनी ती पट्टी कापडात गुंडाळून दिली. ते-शिकने वाकून दोन्ही हातांनी घेतली. बाप मेला तेव्हा आलं नव्हतं एवढं भरून आलं होतं त्याला.

अकराला त्याने उ-ह्योनला बैठकीच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. बत्तीस वर्षांचा बाप्या, घरी चार महिन्यांची मुलगी, आणि उभा कसा — हात मांडीला चिकटवून, भरतीला आलेल्या शिपायासारखा.

“लिहिलंस?”

“काय, साहेब?”

“वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. त्रेचाळीस नंबर.”

“मी नाही, साहेब.”

“मग कोणी, माझ्या बापाने?”

“साहेब, खरंच मी —”

ते ‘खरंच’ पुरं व्हायच्या आत पट्टी सुटली होती. बोटांवर मारायची होती, ती कानावर बसली, कड लागली. आवाज अगदी बारीक झाला. मग दुसरी, मानेवर. मग खांद्यावर, तिसरी, चौथी, आणि प्रत्येक फटक्याबरोबर छातीतलं काहीतरी सैल होत गेलं. बरं वाटत होतं. किती बरं वाटत होतं! उ-ह्योनने हात वर केला नाही. कानाच्या पाळीवरून रक्त शर्टाच्या कॉलरवर उतरलं आणि तो म्हणाला, “चुकलं, साहेब.”

न केलेल्या गोष्टीचं चुकलं? पण तेव्हा ते-शिकला ते ऐकूच आलं नाही.

बाहेर मि-ग्योंगबाईंनी मान वर न करता कागदी रुमालांचा खोका उ-ह्योनपुढे सरकवला. बारा वर्षं या तुकडीत काढलेली बाई. म्हणाल्या, “कपाटाचं दार लागलं म्हणायचं. डावीकडचं. उजवीकडचं मागच्या वेळी झालंय.” आणि मग ते-शिककडे वळून, त्याच आवाजात, “साहेब, आज जेवायला मासा आहे. लवकर चला, काटेच उरतील नाहीतर.”

मागच्या वेळी... मागच्या वेळी कोण होतं? त्याला आठवेना.

मासा त्याला गिळवला नाही. तीन वाजता, केवळ पुरावा हवा म्हणून त्याने चित्र नीट उघडायला घेतलं — जे सकाळीच करायला हवं होतं, ज्यासाठी तो दुसऱ्यांची बोटं फोडत आला होता. तुकडीच्या खाली पडदा उतरू देत नव्हता. पाचांहून कमी माणसांची फोड दाखवायची नाही, असा त्याचा बंदोबस्त. पण ते-शिकला कोण अडवणार? खाली वाट बंद असली की वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. तो विभागावर गेला. चाळीस माणसं, सगळ्या विभागात लाल एकच, त्याच्या तुकडीतली. त्याने चाळीस जण वयाप्रमाणे लावले. तिशीच्या आतले अकरा, सगळे पांढरे. तिशीतले चौदा, पांढरे. म्हणजे उ-ह्योन नव्हे. चाळिशीतले सहा, पांढरे. म्हणजे मि-ग्योंगबाईही नव्हेत. पन्नाशीपुढचे नऊ. आठ पांढरे, एक लाल.

त्याच्या तुकडीत पन्नाशीपुढचं एकच माणूस होतं.

काखेत कळसा... जीभ आपोआप खोट्या दातावर गेली, आणि तेव्हा आठवलं. गेल्या गुरुवारी साठ प्रश्न तो भराभर उरकत होता, कॉफी निवत होती, त्रेचाळिसाव्यावर जीभ अशीच दातावर गेली आणि बोटाने ‘हो’ दाबलं. कोण बघतंय! मनात राग नव्हता, तक्रार नव्हती. मारलं होतं म्हणून हो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण आता डोळ्यांना लाल दिसतच नव्हती, बाकीच्या सहा दिसत होत्या. सहा पांढऱ्याशुभ्र चौकटी. ज्यांच्या बोटांवर त्याने पट्टी ओढली, ज्याच्या तोंडावर फाइल फेकली, ज्यांना डावं-उजवं कपाट वाटून दिलंय — त्या सगळ्यांनी, नाव नसताना, कोणी बघत नसताना, नाही म्हटलं होतं. इतके घाबरतात? की त्यांना ते मारणं वाटतच नाही?... आणि मला, मला वाटलं होतं का, त्या रश्शाच्या वाडग्यापुढे?

सुटका तर अगदी सोपी होती. आपलंच उत्तर उघडायचं, ‘नाही’ दाबायचं, की तुकडी धुतल्या तांदळासारखी. त्याने उघडलंही. बोट ‘नाही’वर ठेवलं. पण ते दाबलं की या अख्ख्या विभागात कोणी कोणाला कधीच मारलं नाही असं होणार, तो गिळलेला दातसुद्धा नव्हताच असं होणार. बोट दाबेना.

काचेपलीकडे उ-ह्योन खाली मान घालून टंकत होता. कानाला चिकटपट्टी. आज तरी लिहील, ते-शिकला वाटलं, आज तरी बदलेल, माणूस आहे की दगड! चित्र दर तासाला ताजं व्हायचं. पाचला झालं. सात चौकटी, एक लाल. तीच.

लिही ना रे. अजून तास आहे. उघड तो प्रश्न आणि लिही. मेंढरा! रक्त कॉलरवर वाळलंय आणि तू नाही म्हणतोस? तुला काय देव्हाऱ्यात बसवतील? लिही, लिहितोस की येऊ तिकडे, ये इकडे, बस माझ्यासमोर, दाब ते बटण, नाहीतर हा दुसरा कानही —

ते-शिकने खाली पाहिलं. खण उघडा होता. पट्टी त्याच्या मुठीत होती, आणि मूठ सुटत नव्हती.