एनएस त्रेचाळीस

"साईनाथ, या सगळ्या बाटल्यांची लेबलं काढ. एनएसच्या जागी एसडी टाक, नंबर तेच राहू देत. सोमवारी तयार पाहिजे मला," एवढं बोलून केळसकर सर मीटिंगला गेले.

एनएस म्हणजे निशिगंधा साबळे. आमच्या रसायनशास्त्र विभागात सरांच्या हाताखाली चार वर्षं पीएचडी करत होती. तिने बनवलेले त्रेचाळीस पदार्थ, त्यांच्या त्रेचाळीस लहान बाटल्या, प्रत्येकीवर तिची आद्याक्षरं. एसडी म्हणजे सुशांत दळवी, यंदाच आलेला. ठाण्यात या विभागात एकोणतीस वर्षं मी काचसामान धुतोय, पण एकाची मेहनत दुसऱ्याच्या नावावर चढवायचं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरगी का गेली तेही ऐका. फेलोशिप चालू राहायची तर सरांनी तिच्या अहवालावर सही करून तो तारखेच्या आत पाठवायला हवा होता. ती रोज कागद घेऊन दाराशी उभी. "उद्या आण गं," "मी काय पळून चाललोय का?" असं करत करत सर परदेशी परिषदेला निघून गेले. तारीख उलटली, फेलोशिप बंद. कल्याणला बारावीच्या शिकवण्या घेत तिने आठ महिने काढले. शेवटी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लागली.

शनिवारी दुपारी मी स्पिरिटच्या बोळ्याने लेबलं पुसायला बसलो. अकरा बाटल्या कोऱ्या झाल्या. सगळ्यांत पांढरी भुकटीच. मनात आलं, करावी सरमिसळ. कोणाच्या बापाला कळणार आहे?

तेवढ्यात निशिगंधाच दारात. विभाग सोडायच्या फॉर्मवर काचसामान परत केल्याची माझी सही हवी होती.

"मामा, तुमचीच तेवढी राहिलीय." मग तिला ट्रे दिसला. तिने एक कोरी बाटली उचलून फिरवून पाहिली. "कोणाच्या नावावर?"

"सुशांतच्या. पण थांब, नंबर असे उलटेपालटे लावतो ना! बसू देत बोंबलत."

"वेड लागलंय का मामा? त्या बिचाऱ्याचं आख्खं वर्ष जाईल."

"आणि तुझी चार गेली त्याचं काय?"

"गेली ना? मग त्याचं कशाला घालवताय?"

तिने कपाटातली तिची जुनी वही काढली, स्टूल ओढलं. मी कोऱ्या केलेल्या अकरा बाटल्यांतली चिमूट चिमूट भुकटी काढून तिने ती तापवली, कुठली किती अंशाला वितळते ते वहीशी ताडून पाहिलं. एकेक नंबर नक्की केला. मग बाकीची लेबलंही पुसून, एकेक करत, तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात नवी लावली. एसडी एक, एसडी दोन.

शेवटच्या बाटलीशी तिचं पेन थांबलं.

"हा सात वेळा फसलेला, मामा. आठव्यांदा जमला तेव्हा तुम्ही चहा पाजलेला, आठवतंय?"

मला आठवत होतं. "रडू येत नाही का गं तुला?"

"येतं की. पण शाई फुटेल."

तिने एसडी त्रेचाळीस लिहिलं, फुंकर मारून वाळवलं. मी फॉर्मवर सही केली. साबळे यांच्याकडे विभागाचं काहीही बाकी नाही, असं त्यावर छापलेलं होतं.

सोमवारी सरांनी एक बाटली उचलून उजेडात धरली.

"वा सुशांत! अक्षर सुधारलं की तुझं."

सुशांतने ते अक्षर ओळखलं. चार महिने तिच्याच वहीतून शिकला होता तो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"थँक यू, सर."

माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. मी नळ सोडला आणि धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.