साडेएकोणीस मिनिटे

संगणकाच्या बाईंच्या तासाला पहिली पंचवीस मिनिटे एकाही मुलाने कळफलकाला बोट लावायचे नाही, असा दंडक होता. आधी कागद, मग कळ. मुले पेन्सिलीने आज्ञा लिहीत. मग त्यांतले एक मूल यंत्र होई आणि त्या आज्ञांबरहुकूम फरशांवरून चाले. आज्ञा चुकली की यंत्र भिंतीवर आदळे, वर्ग खो खो हसे, आणि बाई शांतपणे म्हणत, "यंत्राला हसू नका. त्याने तुमचंच ऐकलं."

बावीस वर्षे हे असेच चालले होते. यंदा मात्र शाळेत नवी प्रणाली आली. वीस खुर्च्यांपुढच्या वीस संगणकांवर किती वेळ बोटे चालली, हे ती मोजी आणि सरासरी काढून वर कळवी. अठरा मिनिटे हवी होती. बाईंच्या वर्गाची पंधराच भरत. कागदावरचा विचार तिच्या हिशेबी निद्रेत जमा होता.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतले. माणूस वाईट नव्हता, वरच्यांपुढे मान तुकवून तुकवून पाठीतून वाकला होता.

"बाई, आजची नोंद शेवटची. अठरा भरली नाहीत, तर सोमवारपासून पडद्यावर ध्वनिचित्रित धडे लागतील. तुम्हाला दप्तरखोलीत बसवतील."

"तिथे मुलं नसतात."

"म्हणून तर सांगतोय. रात्री बारापर्यंतचं सगळं धरतात. पासवर्डांची वही तुमच्याच कपाटात आहे ना? शाळा सुटल्यावर एक फेरी मारा, चार बटणं दाबा. तुमचं तोंड कोण बघतंय?"

आई गेल्यापासून बाई घरी एकट्या होत्या. रविवारी दिवसभर त्यांचा आवाज वापरलाच जात नसे. सोमवारी पहिल्या तासाला तो गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत निघे, आणि मुलांनी दोन-चार प्रश्न विचारले की मोकळा होई. दप्तरखोलीत सोमवारही रविवारच होणार होता.

शाळा सुटली. बाके सरकवल्याचे आवाज विरले. बाईंनी खोलीचे दार आतून लोटले, वही उघडली आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी नक्कल करू दिली नव्हती, केली तर नव्हतीच. वहीतला पहिला पासवर्ड त्यांनी घातला. ही जागा सातवीतल्या एका मुलीची. तिच्या प्रश्नांच्या सरबत्तीमुळे शिक्षकांनी तिचे नाव 'चौकशीखिडकी' ठेवले होते. पडद्यावर तिचा अर्धामुर्धा प्रोग्राम होता. बाईंनी तो सहज चालवला.

"आज कसे आहात?" पडद्यावर अक्षरे उमटली.

"बरी आहे," बाईंनी लिहिले.

"आणखी सांगा."

बाईंना हसू आले. गुडघा दुखतो, त्यांनी लिहिले.

"आणखी सांगा."

थांबण्याची आज्ञाच मुलीने लिहिली नव्हती. कागदाला बगल देऊन घाईने थेट कळफलकावर गेले की होते ती चूक. बाईंना ती पहिल्या तीन ओळींतच दिसली होती. एक कळ दाबून प्रोग्राम बंद करता आला असता. त्यांनी तो बंद केला नाही. आईचे शेवटचे महिने लिहिले. भाचा फोन करतो तो 'ठेवतो हं' म्हणण्यासाठीच, हेही लिहिले. प्रत्येक ओळीखाली तेच दोन शब्द येत. खिडकीतले ऊन भिंतीवर चढले, मग छताला लागले. त्या उठल्या तेव्हा दीड तास उलटला होता. लिहिलेले सारे त्यांनी पुसले. उरलेल्या एकोणीस खुर्च्यांकडे पाहिले, आणि कुठेही न बसता कुलूप लावून निघाल्या.

सोमवारी मुख्याध्यापक दारातच उभे होते.

"साडेएकोणीस, बाई. त्या चौकशीखिडकीने एकटीने वर्ग तारला. दीड तास जास्तीचा. खोली वाचली तुमची."

"ती मुलगी नव्हती. मी होते."

"असेना का. अहवालाला डोळे नसतात."

"त्या नावावर मी माझं रडगाणं गात बसले होते, साहेब. ती मिनिटं काढायला कळवा."

"अहो, काढली तर पंधरा उरतील."

"तेवढीच झाली होती."

मुख्याध्यापकांनी बराच वेळ चष्मा पुसला. "आजचा तास घ्या," ते अखेर म्हणाले. "दुपारी वर कळवतो."

शेवटच्या तासाला बाईंनी चौकशीखिडकीपुढे कोरा कागद ठेवला. "तुझा प्रोग्राम इथे लिही. आणि यंत्र तूच हो."

मुलीने लिहिले आणि चालू लागली. प्रश्नाच्या फरशीवरून उत्तराच्या, उत्तराच्या फरशीवरून पुन्हा प्रश्नाच्या. सातव्या फेरीला ती हाशहुश करत थांबली.

"बाई, थांबायचं लिहायलाच विसरले. कुठे थांबवू?"

"समोरचा 'पुरे' म्हणेल तिथे."

मुलीने पेन्सिल गालाला लावली. "आणि तो म्हणालाच नाही तर?"

बाईंनी हातातली खोलीची किल्ली एकदा उलटसुलट केली.

"तर बसू दे त्याला थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "मग तूच हळूच विचार, घरी जायचं का."

मुलीने ते तसेच्या तसे लिहून घेतले.