भाच्याचा नंबर आधी

तुर्सिनच्या मशीनखोलीत अकरा वर्षं एकच कायदा होता. ज्याचं काम आधी आलं, त्याचं आधी. मंत्रालयातला साहेब असो की पहिल्या वर्षाचं पोर, रांग सगळ्यांना सारखी. अल्माटीच्या त्या गणन केंद्रात महासंगणक एकच, कामं ढीगभर, आणि कुणाचं काम कधी चढवायचं हे तुर्सिनच्या हातात. त्याचा त्याला भारी तोरा होता. चहा पिताना चारचौघांत ऐकवायचा, "आपल्याकडे वशिला चालत नाही, बाबा." ते वाक्य आठवलं की आता त्याचे कान तापतात.

त्या वसंतात केंद्रात एक जागा निघाली. दोन वर्षं शिक्षण, विद्यावेतन, आणि पुढे तिथेच कायमची नोकरी. दीडशेच्या वर अर्ज आले आणि गाळून गाळून दोघं उरली. एक तोगझान. ती अरालकडची, आटलेल्या समुद्राच्या तळावरून उडणारी खारी धूळ कुठवर पोचते याचं गणित घेऊन आलेली. दुसरा येरासिल, अल्माटीवर हिवाळ्यात साचणाऱ्या धुराचं गणित मांडणारा. येरासिल तुर्सिनच्या धाकट्या बहिणीचा, झैनेपचा मुलगा. केंद्राच्या प्रमुख गालिना फ्योदोरोव्हना यांनी दोघांना एक आठवडा दिला. मोठ्या मशीनवर आपापलं गणित चालवा, शुक्रवारी दुपारी बाराला निकाल हातात द्या. अपुरं काम मी बघणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं.

रविवारी येरासिल मामाकडे आला. आईने तळून दिलेल्या बाउर्साक पुऱ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय?"

"घोडा माग, देतो."

"घोडा कुठाय तुमच्याकडे? दारात एक पंक्चर झालेली निवा गाडी आहे, ती मला नको."

"मग काय हवंय?"

"मला रांगेत पुढे घ्या. भाचा म्हणून मागतोय."

पोरगं हसत हसत बोललं, पण शेवटचं वाक्य त्याने बरोबर टाकलं. बहिणीच्या मुलाने मागितलेलं मामाने नाकारायचं नसतं. नाकारलं तर आख्ख्या आजोळाला बट्टा लागतो. हा रिवाज भाचे शिंगरं नि शिकारी गरुड मागायचे तेव्हाचा. ज्यांनी तो घातला त्यांच्या स्वप्नातही संगणकाची रांग नव्हती. पण तुर्सिनला भाच्यासमोर मामा म्हणून मिरवायचं होतं. तो म्हणाला, "एक दिवस. फक्त सोमवार."

सोमवारी त्याने येरासिलचा नंबर सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. येरासिलचं गणित चाललं, अडखळलं, त्याने ते दुरुस्त करून पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी ते थेट पहिल्या नंबरावर. तोगझानच्या धुळीला अर्धं मशीन एकदम मोकळं लागायचं. तेवढी जागा होत आली की भाचेबुवा मध्ये घुसायचे. मंगळवारी तुर्सिनने नंबर खाली आणला नाही. उद्या आणू, म्हणाला.

बुधवारी तोगझान खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुर्सिन-आगा, माझं काम अजून थांबलेलंच दिसतंय. माझं काही चुकलंय का?"

तुर्सिनने पडद्यावरून नजरही उचलली नाही. "गर्दी आहे, पोरी. सगळ्यांचंच थांबलंय."

"बरं, आगा. तुम्हाला उगीच त्रास दिला."

ती गेली. एक आकडा बदलला असता तर तिचं काम तिथल्या तिथे सुरू झालं असतं. तुर्सिनने तो बदलला नाही. तो जेवायला गेला आणि पोटभर जेवलाही.

शुक्रवारी बाराला तोगझानच्या हातात काहीच नव्हतं. सोमवारी जागा येरासिलला मिळाली. संध्याकाळी झैनेपने तीसएक माणसं बोलावली, मेंढी कापली आणि मानाचं डोकं तुर्सिनपुढे ठेवलं. व्याही म्हणाले, "मामा असावा तर असा!" सगळे हसले, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने रिवाजाप्रमाणे मेंढीचा कान कापून शेजारी बसलेल्या पोराला दिला, डोक्याचं ताट पुढे सरकवलं. स्वतः एक घासही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोगझान प्रवेशाचं कार्ड परत द्यायला आली. संध्याकाळच्या गाडीने ती घरी निघाली होती.

"आगा, तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"मी हावरटपणा केला. अर्धं मशीन मागून बसले. माझ्यामुळे रांग तुंबली असणार. तुम्हाला किती जणांची बोलणी खावी लागली असतील."

तुर्सिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड घेऊन खणात टाकायचं आणि 'असू दे, पोरी' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण कार्ड त्याने हातात घेतलंच नाही.

"रांग तुझ्यामुळे नाही तुंबली," तो म्हणाला. "मी तुंबवली. येरासिल माझा भाचा आहे. आठवडाभर मी त्यालाच पुढे घालत होतो. बुधवारी तू आलीस तेव्हा मी खोटं बोललो."

ती खुर्चीत बसली. आता ही शिव्या घालेल, घालू दे, असं त्याला वाटलं. थोडी आशाच होती म्हणा ना.

"म्हणजे माझं काम एकदाही चाललं नाही?"

"नाही."

"मग माझं गणित बरोबर की चूक, हे कुणालाच ठाऊक नाही?"

"नाही."

"चालवा," ती म्हणाली.

त्याने ते लावलं. चाळीस मिनिटं चाललं आणि बंद पडलं. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ आली, आणि तुर्सिनला हायसं वाटलं. नाहीतरी ही पडलीच असती! हा आनंद त्याला आवरायच्या आत मनात येऊन बसला. मग त्याला स्वतःची किळस आली. बुधवारच्या खोट्याहून हे जास्त लाजिरवाणं होतं, आणि हे तर कुणी त्याच्याकडे मागितलंही नव्हतं.

तोगझानचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याला नाक लावून वाचत होती. "वाऱ्याची एक फाइल वाचली गेली नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

दुसऱ्या खेपेला ते शेवटपर्यंत गेलं. दुपारी तीनला नकाशावर अरालची धूळ तपकिरी रंगात पसरत पसरत पार दक्षिणेच्या शेतांपर्यंत आली. तोगझान बराच वेळ बघत राहिली.

"बुधवारी लावलं असतं तर बुधवारीच झालं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं. त्यापेक्षा तिने एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

तुर्सिनने निकालाचे कागद आणि आपला कबुलीजबाब घेऊन वरचा मजला गाठला. गालिना फ्योदोरोव्हनांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला.

"निवड रद्द करावी लागेल. जागा मुलीला जाईल. आणि तुला या मशीनला पुन्हा हात लावता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

त्याने सही केली. झैनेपला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून जिन्यातच फोन लावला.

"झैनेप, येरासिलला दिलेलं मी परत घेतलंय. त्याला लबाडीने पुढे नेलं होतं. आत्ताच लिहून दिलं."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"भाच्याला दिलेलं परत घेतलंस, दादा?"

"घ्यावं लागलं."

झैनेप रडेल, ओरडेल, घराचं दार तुला बंद म्हणेल, या सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती. पण ती हळूच म्हणाली, "त्याचं काम चांगलं होतं रे. रांगेतून चालत आला असता तरी कदाचित जिंकला असता. निदान सरळ हरला तरी असता. त्याने मागितलं तेव्हाच तू 'नाही' का म्हणाला नाहीस? आता जन्मभर लोक माझ्या पोराला चोर म्हणतील."

येरासिलचा विचार तुर्सिनच्या मनात त्या आठवड्यात एकदाही आला नव्हता. मामा म्हणून मिरवताना नाही, आणि आत्ता सही करतानाही नाही.